बाकावरचा स्ट्राइक रेट

सांगली
३ नोव्हेंबर २०२५

चि. लालास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. हितं समदं ठीक हाय, तुझं आणि सूनबाईचं तसंच असू दे.

पत्र लिहायला घेतलं की आधी तुझा राग येतो. तोफखान्यात नोकरी केलीस, कान तिथंच ठेवून आलास, आणि आता या वयात पोस्टात हेलपाटे मला. सूनबाईच्या फोनवर बोलावं म्हटलं तर मी हितनं ओरडायचं, तिनं तिकडं तुझ्या कानात ओरडायचं, आणि तू म्हणायचं, व्हय व्हय, ज्वारी बरी हाय. तुझ्या लेकानं, शिवतेजनं, कानाचं मशीन आणून दिलं ते म्हणं तू डबीत घालून कपाटात ठेवलंयस. ठेव बाबा, चोर न्यायचे एखाद्या वेळी.

माझ्याकडं शिकायला ठेवलेली तुझी नात, प्रियदर्शनी, खुशाल हाय. पाचाला उठून ग्राउंडवर जाती, मग कॉलेज, संध्याकाळी परत ग्राउंड. जेवती चांगलं. गुडघे मात्र बघवत न्हाईत. मी हळद लावती, माझी पाठ फिरली की ती पुसती. नानासो सरांच्या क्लबातनं ती आता मोठ्या लीगमध्ये खेळती, दर शनिवारी आणि रविवारी मॅच असती. या लीगमधनंच सरकारी खात्याच्या महिला संघासाठी पोरी निवडणार हायेत. निवड झाली तर खेळायचं आणि पगारही. ती रात्रंदिवस तेवढंच बोलती. शिवतेजनं बॉर्डरवरनं फोन करून सांगितलंय की मार्चमध्ये सुट्टीवर येतो, तवर नोकरीचं झालं तर खुशाल खेळ, न्हाईतर मलकापूरच्या स्थळाला होकार कळवतो. पोरगा वाईट न्हाई, जेसीबी हाय त्याचा. पण त्या घरात गेल्यावर ही कबड्डी कुठली खेळती? तुझ्या नातीचा जीव त्या खेळात अडकलाय, लाला. मी दोन वर्षं डोळ्यांनी बघती.

आता ज्याच्यासाठी पत्र लिवलं ते सांगती. शेजारच्या प्रभावतीचा श्रेणिक क्लबचे आकडे लॅपटॉपवर लिहून ठेवतो. काल दिवस मावळायच्या आत जेवून तो आमच्या कट्ट्यावर आला आणि म्हणाला, काकू, प्रियदर्शनीचा स्ट्राइक रेट बत्तीस हाय, लय कमी पडतो, निवडीला तोच बघणार. मी मान डोलावली. घरात आल्यावर म्हटलं, हे काय असतंय? ताप असतो तसं काय? पोरीला विचारलं तर तोंड पाडून बसली.

आणि गंमत बघ, तवापासनं हा शब्द सगळीकडं ऐकू येतोय. नगरसेवकाच्या बोर्डावर हाय. कोपऱ्यावरच्या क्लासच्या पाटीवर हाय. मलकापूरचं स्थळ आणणारा तो मध्यस्थ सोफ्यावर बसून मला सांगतो की मावशी, आपला स्ट्राइक रेट नव्वद हाय. म्हटलं असू दे, चहा घे आणि जा. दाताच्या डॉक्टरकडं गेले तर तिथंही कंपाउंडर तेच बोलत होता. दाढ काढायला कसला आलाय रेट?

तू खेळलेला माणूस हायस. मला कळंल असं लिही. शहाणपणा करू नकोस. आणि हा बत्तीस वाढवायचा कसा ते सांग, कारण मार्च काय लांब न्हाई.

सूनबाईला आशीर्वाद. म्हातारीवर जो काय लोभ हाय तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

---

वडूज
१० नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,

लालासाहेबाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मशीन कपाटात आहे हे खरं. ते कानाला लावलं की भांडी घासल्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. मग त्यापेक्षा शांतता बरी. तुझं ओरडणं मात्र पत्रातही ऐकू येतं.

स्ट्राइक रेट म्हणजे ताप नव्हे. असं समज, तू हळदीकुंकवाला शंभर बायकांना बोलावणं केलंस. त्यातल्या बत्तीस आल्या. तुझा स्ट्राइक रेट बत्तीस. कितीदा हात घातला आणि त्यातून कितीदा हाताला लागलं, एवढाच हिशोब. क्रिकेटमध्ये तो चेंडूवर मोजतात, आपल्या कबड्डीत चढाईवर. शंभर वेळा पलीकडं गेलीस आणि बत्तीस वेळा गुण घेऊन आलीस, तर बत्तीस.

आता पोरीचा का कमी आहे ते ऐक. ती वाईट खेळते म्हणून नव्हे. प्रत्येक चढाई मारायलाच करायची नसते. पलीकडं जायचं, रेषेला पाय लावायचा, सात जणींना नाचवायचं, दम टिकवायचा आणि सही सलामत परत यायचं. गुण मिळत नाही, जातही नाही. तिला रिकामी चढाई म्हणतात. अशा दोन रिकाम्या झाल्या की नियमानं तिसऱ्या चढाईला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. नानासो काय करतो, पहिल्या दोन्हीला आपल्या पोरीला पाठवतो. घड्याळ पळतं, समोरच्या पोरी दमतात, आपली कर्णधार दम खाऊन घेते, आणि तिसऱ्याला जाऊन टाळ्या घेऊन येते. टाळ्या तिच्या, रिकाम्या चढाया हिच्या नावावर. मी तिचा खेळ मोबाईलवर पाहिला आहे. ती कधी सापडत नाही, आक्का. चढाईला जाऊन इतक्या वेळा परत येणारी पोरगी त्या लीगमध्ये दुसरी नसेल. पण परत आलेल्याचे गुण कोण देतो?

तो शब्द इकडंही बोकाळला आहे. जनावरांचा डॉक्टर रेतनाचा स्ट्राइक रेट सांगतो. भरतीच्या अकॅडमीनं एसटी स्टँडवर मोठा फलक लावलाय, आमचा स्ट्राइक रेट पंचाऐंशी. त्यांच्याकडं आलेली निम्मी पोरं पहिल्या महिन्यात पळून जातात, ती मोजायचीच नाहीत असं ठरलेलं दिसतं.

आकडा वाढवायचा उपाय विचारतेस? अगदी सोपा आहे. मैदानात कमी उतरायचं. रिकाम्या चढाया दुसरीच्या गळ्यात टाकायच्या, आपण मोजक्या वेळा जायचं, एखादी पोरगी मारायची आणि बाकावर येऊन बसायचं. आपले गुंडामामा आठव. जन्मात एकदाच मटण शिजवलं, ते जमलं, आणि मरेपर्यंत मटण खावं तर गुंडामामांच्या हातचं असं सगळे म्हणत राहिले. मामांचा स्ट्राइक रेट शंभर. आणि मामींनी रोज तीसजणांचं रांधलं, त्यातलं कधी खारट झालं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

पोरीला म्हणावं, खेळत राहा. शिवतेजला मी पत्र लिहिलं आहे, पण बापापुढं आजोबाचं किती चालतं ते तुला ठाऊक आहे.

पायाला तेल लावत जा. लोभ आहेच, तो वाढव म्हणण्याइतका मी आता लहान राहिलो नाही.

तुझा,
लाला

---

सांगली
१७ नोव्हेंबर २०२५

चि. लालास,

आक्काचे आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. आता मला तो रेट श्रेणिकपेक्षा चांगला कळतो. मध्यस्थ परत आला तवा त्याला विचारलं की बाबा, किती ठिकाणी दाखवलंस आणि किती जमली ते सांग, तर पाणी पिऊन उठला.

तू सांगितल्यापरमाणं मी काम करून टाकलंय. शुक्रवारी संध्याकाळी भडंगाचा डबा घेतला आणि नानासो सरांकडं गेले. म्हटलं, वडूजहून लालाचा निरोप हाय, पोरीला त्या रिकाम्या चढायांना पाठवू नका, दुसरीला पाठवा. मोजक्या वेळा उतरवा आणि बाकी वेळ बाकावर बसू द्या. तुझं नाव काढल्यावर सर खुर्चीतनं उठून उभे राहिले. त्यांनी तुला पलटणीच्या संघात खेळताना बघितलंय म्हणं, ल्हान असताना. म्हणाले, हे काम तिच्यासारखं दुसरीला जमणार न्हाई, संघाचं जड जाईल. मी म्हटलं, संघाचं तुमी बघा, आमच्या पोरीचं आमाला बघू द्या.  मग म्हणाले, लालासाहेबांचा शब्द असंल तर माझी काय बिशाद.

शनिवारी आणि रविवारी पोरगी बाकावर होती. थोड्या चढाया केल्या, बहुतेक वेळा गुण घेऊन आली. श्रेणिक म्हणाला, आकडा चढायला लागला. एक मॅच जिंकली, एक हरली, हरू दे.

पोरगी मात्र घरी येऊन गप्प बसली. आमटी पुढं घेऊन नुसती भात कालवत होती. मी तिच्या भातावर तूप वाढलं. निवड झाली की आपोआप हसंल. हे सूनबाईच्या फोनवर सांगण्यासारखं न्हाई म्हणून लिवती. ती भोळी हाय, पोरीला बोलून बसंल. आणि पोरीचा सभाव तुला ठाऊक हाय, आपण मधे पडलो कळलं तर दोन दिवस जेवणार न्हाई. आता पुढच्या शनिवारी आणि रविवारी शेवटच्या मॅच हायेत.

बघ, तू नुसतं बोललास, करून मी दाखवलं. ल्हानपणापासनं असंच हाय. भावावरचा लोभ तेवढ्यासाठीच टिकलाय म्हण.

तुझी,
आक्का

---

वडूज
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं सतरा तारखेचं पत्र आज सोमवारी दुपारी हातात पडलं. आठवडा कुठं अडकलं होतं कोण जाणे. काल लीग संपली.

आक्का, ती थट्टा होती. मी लिहिलेलं मटणाचं आणि मामांचं सगळं थट्टा होतं. एवढं तुला कळायला हवं होतं असं लिहिणार होतो, पण नाही लिहीत, कारण ते मलाच कळायला हवं होतं. तू विचारलं होतंस मनापासून, पोरीच्या काळजीनं, आणि मी बसलो शब्दांचे खेळ करत. रिकामा बसलेला म्हातारा दुसरं काय करणार?

निवडीला माणसं बसतात ती नुसता कागद बघत नाहीत, मैदानही बघतात. बाकावर बसलेल्या खेळाडूला कोण बघतं? ती टॉवेल मानेवर टाकून बसलेली असताना तिच्यातलं काय दिसणार कुणाला? आणि पोरगी गप्प बसली ते उगाच नव्हे. तिला वाटलं असणार, सरांचा आपल्यावरचा भरवसा उडाला. खेळाडूला याच्याइतकं वाईट काही वाटत नाही.

सूनबाईला फोन लावायला सांगावं म्हणून उठलो आणि परत बसलो. काय सांगायचं? काल संपलेल्या मॅचमध्ये तिला उतरवा म्हणून सांगायचं? ओसरीवर बसून राहिलोय. समोर माणसं येतात, तोंडं हलवतात, मी मान हलवतो. हातात काही उरलेलं नाही बघ.

कदाचित सगळं ठीकही होईल. आकडा चांगला दिसला तर बोलावतीलही. तू जीव खाऊ नकोस.

तुझ्यावर राग नाही. लोभ होता तिथंच आहे.

तुझा,
लाला

---

सांगली
२४ नोव्हेंबर २०२५

चि. लालास,

आशीर्वाद. एकच गोष्ट सांगायला घाईनं लिवती. तुझं पत्र अजून आलं न्हाई, पण माझ्यानं थांबवंना. काल लीग संपली आणि श्रेणिकनं सांगितलं, प्रियदर्शनीचा स्ट्राइक रेट चाळीस झाला. बत्तिसाचा चाळीस. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला सुद्धा मी तो कसा काढतात ते समजावून सांगितलं. गणपतीला जाऊन आले, पेढे आणले, प्रभावतीच्या घरी दिले.

पोरीनं पेढा घेतला न्हाई. पोटात दुखतंय म्हणाली. क्लब शेवटच्या दोन्ही मॅच हरला, त्याचं मनाला लागलंय. त्या कर्णधार पोरीची दमछाक झाली म्हणं, मधे दम खायला वेळच मिळंना. असंल. पण मला आपली पोरगी बघायची हाय.

आठ दिवसांत यादी लागणार. तुझ्या डोक्यानं आणि माझ्या पायानं काम झालं बघ, लाला. एवढ्या आनंदात लोभ मागायचा कशाला, तो भरून वाहतोय.

तुझी,
आक्का

---

सांगली
२ डिसेंबर २०२५

चि. लालास,

आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं होतं. उत्तर लिहायला बसले आणि उठले, असं किती वेळा झालं सांगू.

काल यादी लागली. पोरीचं नाव न्हाई.

श्रेणिक कागद घेऊन आला.  यादीच्या खाली बारीक अक्षरात लिवलं होतं की लीगमध्ये ज्यांच्या निदान पन्नास चढाया झाल्या त्यांचाच विचार केला हाय. आपल्या पोरीच्या चाळीस झाल्या. मी त्याला म्हटलं, अरं पण तिचा रेट चाळीस हाय की, किती चांगला हाय. तो म्हणाला, काकू, चढायाच कमी पडल्या, त्यामुळं रेट बघितलाच न्हाई. ही अट आधी कुणाला सांगितली न्हवती. म्हणाला, रिकाम्या जरी केल्या असत्या तरी चालल्या असत्या, त्या पण चढायाच की.

मग मी विचारू नये ते विचारलं. यादीत सगळ्यात शेवटी जी पोरगी हाय तिचा रेट किती? त्यानं कागदावर बोट ठेवलं. एकतीस, म्हणाला.

लाला, आपल्या पोरीचा बत्तीस होता. मी सरांकडं गेलेच नसते तर ती यादीत असती. मी ते भडंग घेऊन गेले, तुझं नाव घेतलं, आणि पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला. मला काय कळत होतं त्यातलं? कळत न्हाई तर गप बसावं की माणसानं. सारा जन्म मला वाटत आलं, जो हात हलवतो त्याचं काम होतं. हात हलवला आणि हे झालं.

सरांकडं परत गेले. म्हटलं, कुणाला तरी सांगा, पोरीच्या चढाया मी थांबवल्या, तिची चूक न्हाई. ते म्हणाले, कुणाला सांगायचं, यादी कॉम्प्युटरनं काढली. त्या खात्याच्या ऑफिसात गेले, तिथं वॉचमननं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि साहेब फिरतीवर हायेत म्हणाला. मी बसून राहिले आणि मग रिक्षा करून घरी आले.

एक मागणं मागती. पोरीला सांगू नकोस की मी गेले होते. ती माझ्या हातचं खाती, माझ्या शेजारी झोपती. मार्चपर्यंत थोडेच दिवस हायेत, मग ती जाईल. तेवढे दिवस तिनं माझ्याकडं तशा नजरेनं बघू नये. एवढं कर माझ्यासाठी. मला दुसरं कुणी न्हाई, लाला.

लोभ कुठल्या तोंडानं मागू?

तुझी,
आक्का

---

सांगली
३ डिसेंबर २०२५

ती. आप्पांना,

प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्हाला खोटं लिहीत नाही. यादीचं तुम्हाला आईकडून कळलंच असेल.

दोन दिवस मी ग्राउंडवर गेले नाही. आज ग्राउंडवर गेले आणि सरांना सरळ विचारलं, माझं काय चुकलं होतं? शेवटच्या चारही मॅचला मला का बसवलं? आप्पा, मी रोज रात्री तेच शोधत होते. एखादी चढाई आठवायची, वाटायचं इथं पाय उशिरा उचलला असेल, इथं दम तुटला असेल. सर आधी सांगतच नव्हते. मग म्हणाले, तुझं काही चुकलं नाही, तुझ्या आजोबांचा निरोप होता.

मला ते खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

क्लबात सगळ्या मला हसायच्या. फेरफटका मारून आली का, म्हणायच्या. कॉलेजमध्येही मुलं म्हणायची, तुझा स्ट्राइक रेट बघ आणि तुमच्या कॅप्टनचा बघ. मला कधीच काही वाटलं नाही, कारण मला माहीत होतं की वडूजला एक माणूस आहे ज्याला माझी रिकामी चढाई कळते. मी लहान होते तेव्हा अंगणात तुम्ही मला पकडायचात आणि मी निसटून परत आले की तुम्ही म्हणायचात, आली का घरी, बास, जिंकलीस. मॅचमध्ये रेषेच्या अलीकडं पाय टाकला की प्रत्येक वेळी मला तुमचा तोच आवाज ऐकू यायचा. सात जणींच्या मधे मला कधी एकटं वाटलं नाही. बाकावर मात्र वाटलं.

मग तुम्हीच कसं म्हणाल की हिला पाठवू नका?

आक्काआजीला विचारून उपयोग नाही. तिला यातलं काही कळत नाही. ती बिचारी दोन दिवस नीट जेवलेली नाही, माझ्यामुळंच. मला वाटतं सरांनी स्वतःची चूक झाकायला तुमचं नाव घेतलं. तसं असेल तर मी क्लब बदलेन, पप्पांच्या पाया पडून अजून एक वर्ष मागेन. लढायला मला काहीतरी धरायला हवं, आप्पा. निरोप तुमचा नव्हता एवढं एका ओळीत लिहा. मला दुसरं काही नको.

उत्तराची वाट बघते. तुमचा लोभ आहे, हे मी धरूनच चालते.

तुमची,
प्रियदर्शनी

---

वडूज
९ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं, आणि पाठोपाठ पोरीचंही. नानासोनं तिला सांगितलं की निरोप वडूजहून आला होता. कुणी आणला ते त्यानं सांगितलेलं नाही. भला माणूस आहे.

तिच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. उलट तू जेवत नाहीस म्हणून तिला काळजी लागली आहे. तेव्हा जेव. तिच्यासमोर बसून जेव.

मी तिला वेगळं पत्र लिहितो आहे. ते तुझ्याच पत्त्यावर येईल. ते उघडू नकोस आणि ती वाचत असताना तिच्याजवळ बसू नकोस. त्यानंतर ती माझ्याबद्दल काही बोलली तर ऐकून घे. माझी बाजू घ्यायला जाऊ नकोस, तुझ्यानं राहवणार नाही, पण आवर स्वतःला. एवढंच तू माझ्यासाठी करायचं.

तू चूक केलीस असं मला वाटत नाही. भावानं सांगितलं आणि बहिणीनं केलं, यात चूक कुठं शोधायची? शोधून तरी आता काय हाती लागणार आहे?

थंडी वाढली आहे, स्वेटर घाल. लोभाचं तू विचारू नये, मीही सांगू नये, इतकी आपली वयं झाली.

तुझा,
लाला

---

वडूज
९ डिसेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,

आप्पाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं.

नानासो खरं बोलला. निरोप माझाच होता. त्याच्यावर राग धरू नकोस. त्यानं मला सांगून पाहिलं की हे काम तिच्यासारखं दुसरीला जमत नाही. त्याला तुझा खेळ कळला होता. मी ऐकलं नाही.

का केलंत म्हणून विचारशील. तुझा आकडा कमी दिसत होता आणि मार्च जवळ येत होता. मला वाटलं, रिकाम्या चढाया थांबल्या की आकडा वर जाईल. गेलाही. पन्नासाची अट मला माहीत नव्हती, पण ते निमित्त मी पुढं करत नाही. सगळ्या जगानं तुला आकड्यानं मोजलं, तेव्हा मी तरी मोजायला नको होतं.

तू एका ओळीत उत्तर मागितलं होतंस. पाहिजे होती ती ओळ माझ्याजवळ नाही. तुझ्या बापाला मी पुन्हा लिहितो आहे की पोरीचं वर्ष तिच्या आजोबानं वाया घालवलं, तिला आणखी एक दे. तो ऐकेल असं मला सांगता येत नाही. तू आमच्यावर अवलंबून राहू नकोस. क्लब बदलू नकोस, नानासोकडंच खेळ.

आक्काआजीला सांभाळ. तिला यातलं काही कळत नाही हे तू बरोबर ओळखलंस. तिला काही विचारू नकोस, उगाच तिचा जीव टांगणीला लागेल.

तुला उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पोस्टमन आला की मी दाराशी जातो, पण ती सवय आहे, तिचं तू मनावर घेऊ नकोस. इथं दरवेळी लोभ असू दे असं लिहायचा प्रघात आहे. या वेळी मी ते लिहीत नाही.

तुझा,
आप्पा